सिंकखालचा प्लाय भिजून फुगलाय, वाळवून वाचेल का?

पाऊसवेडी

नमस्कार मंडळी, जरा घाईतच लिहितेय. किचनच्या सिंकखाली पाइपचा जॉइंट सुटला, आम्ही घरी नव्हतो, परत येऊन बघतो तर कपाटाच्या तळात पाणी साचलेलं. जॉइंट दुरुस्त झालाय, पाणी पुसून काढलंय, पण प्लायचं पुढे काय करायचं तेच कळत नाहीये.

तळाची फळी १८ एमएमची आहे, वरून सनमायका, खालून नुसतंच लाकूड. पुढची कड फुगून जाड झालीय, बोट फिरवलं की थर वेगवेगळे लागतात आणि एका कोपऱ्यात तर दोन थरांच्या मध्ये नख जातंय. बाजूच्या उभ्या फळ्या खालून वीतभर भिजल्यात, त्यांना दोन्ही बाजूंनी सनमायका असल्यामुळे आत किती ओल आहे ते दिसतच नाही, फक्त खालच्या कडेला हात लावला की गार लागतं. मागची फळी मऊ पडलीय, दाबली की भुगा निघतो. शिवाय त्याच भिंतीला टेकवून शेल्फसाठी आणलेल्या दोन कोऱ्या शीट उभ्या ठेवल्या होत्या, त्या पण खालून भिजल्या.

उन्हात टाकू का? हेअर ड्रायर किंवा हीट गन चालेल का? सनमायका काढावाच लागेल का? आणि यातलं वाचण्यासारखं काय आणि टाकण्यासारखं काय हे ओळखायचं कसं? नवीन कपाट करून घेणं शेवटचा पर्याय म्हणून ठेवलाय, त्याआधी जे वाचेल ते मनापासून वाचवायचंय.

मोजपट्टी

ताई, आधी सिंकखालचे सगळे प्लग पॉइंट मेन स्विचवरून बंद करा, मग बाकीचं. कपाटाच्या पायाशी जी आडवी पट्टी असते ती काढा, तिच्या मागे जमिनीवर पाणी तसंच पडून राहतं आणि वरून कितीही पुसलं तरी फळी खालून पीत राहते. दारं बिजागरीतून सोडवून बाजूला ठेवा म्हणजे हवा जाईल.

आणि पाणी कुठलं होतं ते सांगा, नळाचं स्वच्छ की ड्रेनचं?

पाऊसवेडी

पॉइंट बंद केले. पट्टी काढली तर खरंच मागे पाणी होतं, पुसून घेतलं. पाणी स्वच्छ, येणाऱ्या लाइनचं आहे.

नवंकोरं

माझं स्पष्ट मत, थर सुटले म्हणजे प्लाय संपला. वाळवायला कितीतरी दिवस जाणार, नंतर वास येणार, स्क्रू धरणार नाहीत. सिंकखाली तर पुन्हा कधीही पाणी येऊ शकतं. काढून टाका.

रंधा_पटाशी

नवंकोरं, तुमचं म्हणणं काही फळ्यांना लागू आहे, सगळ्यांना नाही. सरसकट टाकायला सांगणं मला पटत नाही, कारण प्लाय भिजला म्हणून खराब होत नाही, त्यातला ग्लू सुटला तर खराब होतो. लाकूड पाणी पितं आणि परत सोडतं. ग्लू एकदा सुटला की आपोआप परत चिकटत नाही. म्हणून आधी ग्लू कुठला आहे ते बघायचं आणि त्यावरून किती मेहनत घ्यायची ते ठरवायचं.

साध्या एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) म्हणजे कमर्शियल प्लायमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइडचा ग्लू असतो, तो दमट हवा सोसतो पण साचलेलं पाणी नाही. बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) आणि मरीन या वरच्या दर्जाच्या प्लायमध्ये साधारणपणे फिनॉलिक ग्लू असतो, मरीनचा तुकडा तर ७२ तास पाण्यात उकळवून तपासतात आणि थर सुटले नाहीत तरच पास करतात. तुमच्याकडे शिक्का दिसत नसेल तर पाइपसाठी जिथे भोक कापलंय तिथली कड नीट बघा, थरांच्या मधल्या रेषा गडद तपकिरी, जवळपास काळ्या असतील तर बहुतेक फिनॉलिक. ही खूण शंभर टक्के खरी नाही, कारण रंग मिसळूनही ग्लू वापरतात. खात्री हवी असेल तर कुठल्या तरी कोपऱ्यातला छोटा तुकडा कापून काही तास उकळा, साधा प्लाय असेल तर थर हाताने सोलता येतील.

आता ऊन, ड्रायर आणि हीट गन. तिन्ही नको, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतोय कारण वाचू शकणारा प्लाय लोक याच पायरीवर घालवतात. कडक उष्णता दिली की वरचा थर आधी वाळून आकसतो, आतले थर अजून ओले आणि फुगलेलेच असतात, मग वरच्याला चिरा पडतात, फळी वाटीसारखी वाकते आणि अर्धवट सुटलेले थर पूर्ण सुटतात. दुसरं म्हणजे युरिया ग्लूला नुसत्या पाण्यापेक्षा गरम आणि ओलं हे एकत्र आलं की जास्त त्रास होतो, तो तिथे रासायनिकरीत्याच तुटायला लागतो. म्हणजे ओल्या एमआर प्लायवर हीट गन मारणं म्हणजे उरलेला ग्लू आपल्या हाताने सोडवणं. सावली, वारा आणि वेळ, एवढंच पाहिजे.

सनमायका हा तुमच्याकडचा खरा अडथळा आहे. त्यातून ओल बाहेर पडत नाही. तळाची फळी खालून उघडी आहे म्हणजे एकाच बाजूने वाळणार आणि एका बाजूने वाळणारी फळी वाकणार. फुगलेल्या भागावरचा सनमायका बहुतेक कडेने सुटलाच असेल, तिथून पातळ पत्र्याची पट्टी किंवा रुंद पटाशी जवळपास सपाट धरून हळूहळू सरकवत न्या. जिथे घट्ट धरलाय तिथे ओढू नका, प्लायचा वरचा व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ थर, त्याच्याबरोबर उचलून येईल. उभ्या फळ्यांना आतल्या बाजूने, म्हणजे जी बाजू दिसत नाही तिथे, भिजलेल्या रेषेच्या थोडं वरपर्यंत सनमायका कापून काढा, बाहेरचा राहू द्या. फळीच्या खालच्या कडेवर चिकटवलेली पट्टी मात्र काढाच, कारण कडेतून लाकडाची तोंडं उघडी असतात आणि पाणी आत गेलंय ते मुख्यतः तिथूनच, बाहेर पण तिथूनच लवकर येईल.

मागची फळी विसरा. दाबल्यावर भुगा निघतो म्हणजे तो प्लाय नाहीये, पार्टिकल बोर्ड आहे किंवा एमडीएफ, म्हणजे भुसा किंवा लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी. हे एकदा फुगले की कितीही वाळवा, ताकद परत येत नाही. ती आजच काढून टाका, मागून हवा खेळायला रस्ता पण होईल.

पाऊसवेडी

खूप आभार दादा, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मागची फळी काढली, आतून पार लापशी झाली होती. पाइपच्या भोकाशी रेषा बघितल्या, तळाच्या फळीत फिकट पिवळसर आहेत, बाजूच्या उभ्या फळ्यांत काळपट. म्हणजे दोन वेगळे प्लाय वापरलेत? तळाची फळी चार स्क्रूवर होती, सुटून बाहेर आलीय. उभ्या फळ्या जागेवरच आहेत, वर ओटा असल्यामुळे काढता येत नाहीत.

कोऱ्या शीट अजून तशाच भिंतीला टेकून आहेत, त्यांचं काय करू?

जुनं_लाकूड

शीट आत्ताच्या आत्ता आडव्या करा, टेकवून ठेवलेली ओली शीट तशीच बाक धरते. जमिनीवर एकसारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या टाका, साधारण इंचभर जाडीच्या, दोन पट्ट्यांमध्ये दीड फुटापेक्षा कमी अंतर, त्यावर पहिली शीट, मग पुन्हा पट्ट्या, मग दुसरी, मग तुमची तळाची फळी. वरच्या पट्ट्या खालच्या पट्ट्यांच्या बरोब्बर वर आल्या पाहिजेत, एक इकडे एक तिकडे झाली तर वजनाने शीटला लाट येते. सगळ्यात वर पट्ट्यांवर वजन ठेवा. पंखा बाजूने लावा म्हणजे वारा फळ्यांच्या मधून आरपार जाईल, वरून एकाच फळीवर वारा मारून उपयोग नाही.

खिडकीचं पण बघा. बाहेर दमट हवा असेल तर खिडकी उघडी ठेवून आपण ओल आत घेत असतो. अशा वेळी खोली बंद करून डीह्युमिडिफायर लावा, नसेल तर एसीचा ड्राय मोड. बाहेर कोरडं असेल तर खिडकी उघडी आणि पंखा, बस.

उभ्या फळ्यांसाठी छोटा पंखा कपाटाच्या आतच ठेवा, तोंड मागच्या मोकळ्या बाजूकडे. सिंकखालचे पॉइंट बंद आहेत ना, मग वायर दुसऱ्या कोरड्या पॉइंटवरून आणा आणि जमिनीवरच्या ओलीतून नेऊ नका.

मोजपट्टी

वाळलं हे कसं कळणार ते कोणी सांगितलं नाही म्हणून मी सांगतो. हाताला कोरडं लागणं हा पुरावा नाही. वरचा थर पटकन वाळतो आणि मधले थर ओले राहतात, त्यात सुतारांच्या भाषेत ज्याला कोअरमधली पोकळी म्हणतात, म्हणजे आतल्या व्हिनियरच्या दोन तुकड्यांमधली फट, तिच्यात पाणी अडकून बसतं.

लाकडातली ओल मोजायचा मीटर असेल तर टाचणीवाला पिन मीटर वापरा, पण आकड्यावर आंधळा विश्वास नको, तो मीटर साध्या लाकडासाठी बनवलेला असतो आणि प्लायमधल्या ग्लूमुळे आकडा इकडे तिकडे होतो. त्यापेक्षा त्याच कपाटातल्या न भिजलेल्या फळीवर, म्हणजे वरच्या भागात, मीटर लावा, तो आकडा धरा आणि भिजलेला भाग त्याच्या जवळ येईपर्यंत थांबा. घरात ठेवलेल्या लाकडात साधारण ८ ते १२ टक्के ओल असते, २० च्या वर राहिली तर लाकूड सडवणाऱ्या बुरशीला वाव मिळतो.

मीटर नसेल तर वजनकाटा. तळाची फळी सुटी आहेच, रोज एकाच वेळी वजन करा आणि लिहून ठेवा. आधी भराभर उतरेल, मग हळूहळू, मग सलग काही दिवस एकाच आकड्यावर थांबेल, तेव्हा ती खोलीच्या हवेशी जुळली असं समजा. माझ्या मते मीटरपेक्षा हे जास्त खरं बोलतं.

रंधा_पटाशी

वजनाची पद्धत उत्तम. फक्त घाई करू नका, १८ एमएमची फळी नीट भिजली असेल तर आठवडे लागतात, दिवस नाही.

ताईंचा प्रश्न राहिला, हो, दोन वेगळे प्लाय दिसतात, हे बरेचदा असतं. काळ्या रेषावाल्या उभ्या फळ्या वाचतील अशी चांगली आशा आहे. तळाची फळी काठावर आहे. वाळल्यावर तिच्या पूर्ण अंगावर बोटाच्या पेराने ठोकत जा, एकेक बोटाच्या अंतरावर, कान जवळ नेऊन. धरलेल्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. बद्द आवाजाच्या जागेभोवती पेन्सिलने रेघ मारत गेलात की फळीचा नकाशाच तयार होतो. रेघा फक्त कडेला आणि कोपऱ्यात आल्या तर दुरुस्त करा, मध्यभागी मोठे पट्टे आले तर सोडून द्या. टोचा घेऊन पण बघा, सहज आत गेला आणि लाकूड ओढून काढल्यावर तंतू न निघता बारीक तुकडे पडले तर ते सडलंय, तिथे ग्लू भरून काही होत नाही.

पाऊसवेडी

आता नवीन काळजी. तळाच्या फळीच्या खालच्या बाजूला काळे हिरवे ठिपके आलेत आणि कुबट वास येतोय. घरात लहान मूल आहे म्हणून जास्त भीती वाटते.

जुनं_लाकूड

बुरशी आहे. ओल मिळाली की एक दोन दिवसांत धरायला लागते. मुलाला त्या खोलीत येऊ देऊ नका आणि साफ करताना तिथला पंखा बंद ठेवा, नाहीतर बीजाणू घरभर उडतील. कोरड्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासू नका, त्याच कारणासाठी. एन९५ मास्क, हातमोजे, साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं, आणि फडकं नंतर पिशवीत बांधून टाका. कपडे धुवायच्या ब्लीचने लाकडावरचा डाग फिका होतो पण ते लाकडाच्या आत फारसं जात नाही, उलट त्यातलं पाणी आत जातं, म्हणून मला ते आवडत नाही. वापरलंच तर व्हिनेगर किंवा अमोनियावाल्या क्लीनरबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

पुसून झालं की बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं कोमट पाण्यातलं द्रावण ब्रशने लावा, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात. बोरेट ओलसर लाकडात स्वतःहून आत झिरपत जातं, म्हणून हे पूर्ण वाळायच्या आधी केलेलं बरं, आणि बुरशीबरोबर वाळवी आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनाही ते आवर घालतं. नंतर मूल हात लावेल म्हणून त्यावर पेंट किंवा सील हवाच. स्क्रूभोवती जे निळसर काळे डाग दिसतील ती बुरशी नसते, लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनचा डाग असतो, त्याने घाबरू नका.

पाणी ड्रेनचं असतं तर मी हे काहीच सांगितलं नसतं, सरळ टाकून द्या म्हटलं असतं.

खिडकीपाशी

मध्येच विचारतो, माफ करा. बाथरूमचं फ्लश डोअर, म्हणजे सपाट लाकडी दार, खालून फुगलंय, फ्रेमला घासतं. रंधा मारून कमी करू का?

रंधा_पटाशी

आत्ता नको. ओलं असताना तासलंत तर वाळल्यावर फट पडेल. दार उतरवून आडवं ठेवा, खालची कड उघडी करा, पूर्ण वाळू द्या, मग घासतंय का बघा. शेवटी त्या खालच्या कडेला पेंट किंवा पीयूचे (पॉलीयुरेथेन वार्निशचे) दोन तीन हात द्या, दार फुगायचं मूळ कारण बहुतेक वेळा तीच न रंगवलेली कड असते.

पाऊसवेडी

अपडेट द्यायला आले. तळाच्या फळीचं वजन आता उतरायचं थांबलंय. वास गेला. उभ्या फळ्यांना ठोकून बघितलं, सगळीकडे टणक आवाज, फक्त खालच्या कडेला थोडी जाडी राहिलीय. तळाच्या फळीत पुढच्या कडेने पट्टा बद्द वाजतो आणि तो एक कोपरा, मधला भाग ठीक. शिवाय वरच्या बाजूला रुपयाएवढा एक फुगा आहे. कोऱ्या शीट सरळ राहिल्यात, फक्त खालची कड खरखरीत झालीय. आता ग्लू कसा भरायचा?

रंधा_पटाशी

वा, चांगली बातमी. उभ्या फळ्यांची ती उरलेली जाडी जाणार नाही, काळजी पण करू नका. प्लाय बनवताना थर गरम प्रेसमध्ये दाबलेले असतात, भिजल्यावर तो दाब थोडा उसवतो तो कायमचा. लांबी रुंदीत प्लाय फार हलत नाही कारण थर एकमेकांना आडवे असतात, जाडीत मात्र अडवायला कोणी नसतं. पॉलिश पेपरने सपाट करून घ्या. शीटची खरखरीत कड सरळ कापून टाका, शेल्फला तेवढी लागणार पण नाही.

आता तळाची फळी. ग्लू म्हणून पाण्याला टिकणारा पांढरा ग्लू घ्या, डी३ लिहिलेला, किंवा इपॉक्सी. सिंकखाली आहे म्हणून मी इपॉक्सी म्हणेन, हळू सेट होणारं, म्हणजे हातात वेळ राहतो, आणि खिडकी उघडी, हातमोजे घालून. आधी सुटलेले थर पातळ पॅलेट नाइफने अलगद उघडून आत काय आहे बघा, जुन्या ग्लूची पूड आणि लाकडाचा भुसा असतो, तो पॉलिश पेपरची पट्टी आत सारून खरवडा आणि व्हॅक्युमने ओढून घ्या. याच पायरीला लोक कंटाळतात आणि मग जोड टिकत नाही. पुडीवर लावलेला ग्लू पुडीलाच चिकटतो.

मग जाड सुईच्या सिरिंजने आत खोलवर ग्लू सोडा, कडेला नाही, जिथे फट संपते तिथे, आणि सुई मागे घेत घेत बाहेर या. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने आत पसरवा. वरचा थर दोन तीनदा दाबून सोडा, कडेने ग्लूचा सलग मणी बाहेर आला म्हणजे आत पोचला, तुटक आला तर तिथे परत भरा. वरखाली प्लॅस्टिकचा कागद, त्यावर सरळ जाड लाकडी पट्टी, आणि मग क्लँप, वीतभराच्या अंतरावर. नुसत्या क्लँपने फक्त त्याच्या तोंडाखाली दाब बसतो, पट्टी असली की सगळीकडे. रात्रभर सोडा.

फुग्यासाठी धारदार कटरने दाण्याच्या, म्हणजे लाकडातल्या रेषांच्या, दिशेने, तिरका हात धरून एक चीर द्या, आडवी दिली तर तंतू तुटून ती कायम दिसते. चिरेच्या दोन्ही बाजूंनी ग्लू आत, वर प्लॅस्टिक आणि वजन.

नवंकोरं

सगळं वाचलं. मधला भाग टणक निघाला हे बघून माझं मत बदललं, या फळीला तरी. पण स्क्रूचं माझं म्हणणं कायम, जुन्या भोकांत ते धरणार नाहीत.

मोजपट्टी

ते बरोबर आहे. जुनी भोकं थोडी मोठी करून त्यात लाकडी डॉवेल, म्हणजे गोल खुंटी, ग्लू लावून ठोका, सुकल्यावर कापून सपाट करा, किंवा सरळ इंचभर बाजूला नवीन भोकं पाडा. स्क्रू स्टेनलेसचे घ्या.

जुनं_लाकूड

आणि बसवायच्या आधी सगळ्या कडा, पाइपच्या भोकाची आतली कड आणि खालची उघडी बाजू सील करा, पातळ इपॉक्सी किंवा पीयूचे दोन हात, पहिला हात कड पिऊन टाकेल म्हणून दुसरा लागतोच. सनमायका फक्त वरून परत लावाल तर खालूनही काहीतरी तितकंच बंद करणारं द्या, नाहीतर फळी एका बाजूला ओढली जाते. फळी भिंतीला चिकटवून बसवू नका, बोटभर जागा सोडा, आणि मागची नवी फळी करताना प्लायचीच करा, तीही स्क्रूवर, म्हणजे जॉइंट बघायला सहज निघेल.

पाऊसवेडी

सगळं लिहून घेतलं. आज फट साफ करून ठेवते, इपॉक्सी उद्या. उभ्या फळ्यांची आतली बाजू पण त्याच वेळी सील करायची ना, की सनमायका परत लावायचा?

रंधा_पटाशी

आतली बाजू दिसत नाही, सील पुरे. खालून अर्धा इंच उचललेल्या राहतील असे प्लॅस्टिकचे पाय बसवता आले तर बघा, ओट्याखाली जॅक लावून फळी खालून तेवढी कापावी लागेल, ते मात्र एकटीने करू नका, कोणी सोबत घ्या.